सूतभर मोकळीक

आपण शहरी माणसे दिवसभरात किती सुतारकाम करतो, याची आपल्यालाच कल्पना नसते. कचेरीत कोणी आपल्या कामात पाचर मारतो, शेजारच्या बिऱ्हाडाशी आपले सूत जमते किंवा जमत नाही, जुन्या मित्राशी पुन्हा सांधा जुळतो. भाषा सुताराच्या पडवीतून केव्हाच उठून आपल्या दिवाणखान्यात आली. सुतार मात्र पडवीतच राहिला. असे वाक्प्रचार वर्गात समजावून सांगणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण पाचर हातात घेऊन लाकडात ठोकली, तेव्हा कळले की भाषेने त्या बिचारीवर अन्यायच केला आहे. सुताराच्या हातची पाचर काम अडवीत नाही. सैल सांधा घट्ट करते.

ही विद्या मी नशिराबादला आमच्या घराच्या पडवीत शिकतो आहे. जळगावहून भुसावळकडे निघाले की लागणारे हे आमचे गाव. कॉलेज जळगावात, पण रविवार आणि सुट्ट्या पडवीच्या मालकीच्या. एक करवत, दोन रंधे, तीन पटाश्या, एक गुण्या, एक लाकडी हातोडा आणि धार लावायचा दगड एवढाच संसार. विजेवर चालणारे एकही हत्यार नाही. एवढ्या वेळात माणूस दुसऱ्या एखाद्या विषयात एम. ए. झाला असता, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

यंदा दिवाळीसाठी चौरंग करायला घेतला. लाकूड विकतचे नाही. आजोबांच्या घराची सागवानी तुळई आहे. वडिलांच्या पश्चात आम्हा दोघा भावांत वाटणी झाली आणि ते धाब्याचे घर उतरवावे लागले. जुन्या लाकडाचा व्यापारी आला. त्याने दारे, खांब, कोरीव तुळया यांचे भाव एका दमात सांगितले. पुण्याचा धाकटा म्हणाला, सगळे देऊन टाकू. मी म्हणालो, काही देऊ नये. शेवटी दिले, पण त्या दोन दिवसांत जे बोलणे झाले ते दोघांच्याही मनात राहिले. त्याला आता चार दिवाळ्या होतील. फोन होतात, पण लग्नकार्यापुरते. खिळ्यांनी भरलेली ही एक तुळई तेवढी व्यापाऱ्याने नाकारली, म्हणून ती माझ्या पडवीत आली.

चौरंग दिसायला सोपा. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या, वर चौकट आणि चौकटीत बसवलेला तक्ता. आपली जुनी करवत ओढताना कापते. विलायती करवत ढकलताना. म्हणून आपला सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून करवत स्वतःकडे ओढतो. पट्टीच्या टोकाला कूस काढायची, पायात तिच्या मापाची खाच घ्यायची आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून बांबूची खुंटी ठोकायची. यातली गंमत अशी की, कुशीतले भोक खाचेतल्या भोकापेक्षा केसभर आतल्या बाजूला पाडतात. खुंटी आत शिरताना कुशीला ओढून घेते आणि सांधा आपोआप आवळला जातो. खिळा नाही, स्क्रू नाही. खुंटी ठोकून काढली की अख्खा चौरंग सुटा होतो आणि मोडलेला भाग तेवढा बदलता येतो.

आमच्या आळीतले एक वृद्ध सुतारकाका अधूनमधून ओट्यावर येऊन टेकतात. मी तक्ता चौकटीच्या खोबणीत बसवीत होतो.

"काय करू राहिले मास्तर? सरस नका लावू तिथं."

"मग तक्ता हलणार नाही का?"

"हलू द्या की. कोपरे आवळा, तक्ता मोकळा ठेवा. खोबणीत सूतभर जागा सोडा."

सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ती जागा कशासाठी, याचे उत्तर लाकूडशास्त्रात आहे. लाकूड तोडले, वाळवले, तरी हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे ते थांबवीत नाही. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र फुगते आणि आक्रसते. सागासारखे शांत लाकूडही ओलेपणापासून पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत शेकडा पाचच्या आसपास आक्रसू शकते. आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. एवढ्या फरकात फूटभर रुंदीचा तक्ता सुमारे सूतभर हलतो. चहूबाजूंनी जखडला, तर तो एक दिवस मधोमध चिरतो. म्हणजे काकांचे माप अंदाजाचे नव्हते, पिढ्यांच्या अनुभवाचे होते.

या शहाणपणाला आपण फारसे विचारले नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या 'गावगाड्या'त बलुतेदारांमध्ये सुतार भेटतो. नांगर, गाडी त्याच्याच हातची. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही उभ्या आहेत, आणि आमच्या शेजारच्या अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यात तर पाथरवटाने तशाच कमानी दगडात कोरून सुताराची नक्कल केली आहे. १९३६ च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी ते नगर बांबूसारख्या साध्या साहित्यातून सजवले. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. आपण तिचे गोडवे गायिलो आणि मुलांना शिकवणीला पाठवले.

आजच्या भुशाच्या फळ्यांच्या कपाटांना मी नावे ठेवणार नाही. ती स्वस्त आहेत, बिऱ्हाडे बदलणाऱ्यांच्या सोयीची आहेत. पण पाण्याने फुगली की पुन्हा पूर्ववत होत नाहीत. चौरंगाचे तसे नाही. तो दुरुस्त होईल हे गृहीत धरूनच घडवलेला असतो.

रंधा मारताना वाटणीचे ते दोन दिवस पुष्कळदा आठवले. घर एकत्र ठेवायचे म्हणजे सगळे जखडायचे, असे आपण मानतो. धाकट्याची पुण्यातली नोकरी, हप्त्यांचे ओझे, त्याची रोखीची गरज, हाही त्याच्याकडचा ऋतूच होता. कोपरे जुळलेले असले, तर मधल्या तक्त्याने थोडे हलायला काय हरकत आहे?

चौरंग पुरा झाला आहे. तेलाचा हात फिरवल्यावर तुळईतल्या जुन्या खिळ्यांची काळी भोके स्पष्ट दिसू लागली. ती मी बुजवलेली नाहीत. धाकट्याला ती बरोबर ओळखू येतील. लहानपणी त्याच खिळ्यांना आमची दप्तरे टांगलेली असत. लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी नेहमीचा पाट चालेल. सौभाग्यवतींनी चौरंग जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला आहे. वसुबारसेला तो माझ्याबरोबर पुण्याला जाईल. तिकडचा पावसाळा आमच्यापेक्षा ओला. हरकत नाही, खोबणीत जागा सोडलेली आहे.