रस्ता हाही घराचाच भाग

भूखंड घेताना क्षेत्रफळ, दर आणि दर्शनी रुंदी बारकाईने पाहिली जाते. समोरचा रस्ता मात्र नकाशावरची रिकामी जागा समजला जातो. वस्तुतः शेजार त्या जागेतच घडतो. इंदूरची अरण्य वसाहत याचा उत्तम दाखला होय.

पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी आणि त्यांची वास्तुशिल्प संस्था यांनी १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी ही वसाहत आखली. त्याआधी शहरातील झोपडवस्त्यांचा अभ्यास करण्यात आला. तेथे दाटीतही ओट्यावर गप्पा रंगत, झाडाखाली बैठक भरे आणि राहत्या घरातच छोटे दुकान चाले.

म्हणून सुमारे ६,५०० भूखंडांच्या या वसाहतीत मध्यभागी बाजारपेठ, तिच्या बाजूंना निवासी विभाग आणि आत अरुंद गल्ल्या व लहान चौक योजले गेले. गरिबांच्या भूखंडावर जोते व स्वच्छतागृह तयार मिळे. पुढील बांधकाम कुटुंबाने ऐपतीप्रमाणे करावयाचे. मोठे निवासी व व्यापारी भूखंड विकून आलेल्या नफ्यातून लहान भूखंडांचा भार हलका केला गेला. १९९५ मध्ये या रचनेला आगाखान वास्तुकला पुरस्कार लाभला.

नव्या वसाहतीत पैसा गुंतवणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच दोन प्रश्न अवश्य विचारावेत: लहान मूल दुकानापर्यंत निर्धास्त चालत जाईल काय? वृद्धांना दाराबाहेर सावलीत बसता येईल काय? एकदा रस्ते आखले गेले, की घर पाडून बांधता येते. गल्ली सहसा बदलत नाही.