दोष रक्तात नाही, व्यवस्थेत शोधा

हृदयावर ताण आला की एनटी-प्रोबीएनपी नावाचा घटक रक्तात वाढतो. हार्ट फेल्युअर ओळखण्यासाठी डॉक्टर तो तपासतात. अमेरिकेतील अभ्यासांत कृष्णवर्णीयांच्या रक्तात हा घटक गोऱ्यांपेक्षा सरासरीने कमी आढळला; आजार मात्र त्यांनाच जास्त होतो. फरक खरा आहे. प्रश्न आहे तो कारणाचा.

२००५ साली तिथे 'बायडिल' हे हार्ट फेल्युअरचे औषध केवळ कृष्णवर्णीयांसाठी मंजूर झाले. ज्या चाचणीवर ही मंजुरी मिळाली, तिच्यात सगळे रुग्ण कृष्णवर्णीयच होते. मग ते औषध इतरांना चालत नाही, हे ठरवले कशावरून? वंशाचे लेबल लावले की घर, पगार, उपचार आणि रोजचा अपमान यांचा हिशेब द्यावा लागत नाही!

आपल्याला हा डाव नवा नाही. रिस्लेने नाके मोजून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात तसल्याच मोजमापांचे आकडे घेऊन अस्पृश्यतेचा वंशसिद्धांत खोडून काढला. त्यांनी मोजमाप नाकारले नाही, त्यातून काढलेला खोटा निष्कर्ष नाकारला.

आज भारतात काय दिसते? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ राज्यांच्या अभ्यासात सवर्ण हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून, तर आदिवासींचे चार वर्षांहून कमी आढळले. केवळ आर्थिक स्थितीने या फरकाचा पूर्ण उलगडा होत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मग आपले आकडे कोण मोजणार? दाटीवाटीच्या वस्तीत मुलाच्या घशाच्या संसर्गाला वेळेत पेनिसिलिन मिळाले नाही, तर पुढे हृदयाच्या झडपा बिघडू शकतात आणि तरुणपणीच हृदय थकते. यात रक्ताचा काय दोष?

"आम्ही जात बघत नाही" म्हणणारे दवाखाने हा अन्याय झाकतात, आणि जात रक्तात शोधणारे तो निसर्गाच्या माथी मारतात. आम्हाला दोन्ही मान्य नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. तिथल्या संशोधनात हृदयरुग्णाची जात, काम, वस्ती आणि उपचाराला झालेला उशीर यांची नोंद व्हावी, ही मागणी वैद्यकीय शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी लावून धरावी. १९३० साली याच नाशिकने काळाराम मंदिरासमोर माणूस म्हणून हक्क मागितला होता. जगण्याचा हक्क त्याहून वेगळा नाही.

जय भीम!