डिस्नेची ‘फुकट’ रात्र: फक्त सभासदांसाठी पार्क उघडतं, तेव्हा बिल कोण भरतं?

रात्री पार्क बंद होतं. दिवसभर उन्हात पाय मोडेपर्यंत फिरलेली गर्दी मुलांना खांद्यावर टाकून बाहेर पडते. त्याच वेळी काही लोकांच्या मनगटावर वेगळा पट्टा बांधलेला असतो आणि ते मात्र आतच थांबतात. पुढचे काही तास पार्क त्यांचंच. ज्या राइडसाठी दुपारी तासभर रांग होती, तिथे आता दहा मिनिटांत नंबर लागतो. आइस्क्रीम, पॉपकॉर्न, थंड पेयं घ्यायला पैसे लागत नाहीत. एरवी क्वचितच दिसणारी डिस्नेची पात्रं फोटोसाठी उभी असतात.

या कार्यक्रमाचं नाव मूनलाइट मॅजिक. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये वर्षातल्या मोजक्या रात्री तो होतो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये आणि हवाईतल्या औलानी रिसॉर्टमध्येही झाला आहे. प्रवेश फुकट, त्या रात्रीसाठी पार्कचं नेहमीचं तिकीटही लागत नाही. अट एकच, तुम्ही डिस्ने व्हेकेशन क्लबचे सभासद असायला हवं.

आणि तेही ‘योग्य प्रकारचे’ सभासद. खरी गोष्ट इथून सुरू होते.

हा क्लब आहे तरी काय?

डिस्नेने 1991 मध्ये फ्लोरिडात हा क्लब सुरू केला. पहिलं रिसॉर्ट आज ओल्ड की वेस्ट या नावाने ओळखलं जातं. सरळ भाषेत सांगायचं तर हा टाइमशेअर आहे. तुम्ही रिसॉर्टमधला एक छोटा हिस्सा विकत घेता, त्याची रीतसर नोंदणी होते आणि त्या बदल्यात दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात. हे पॉइंट खर्च करून खोली बुक करायची. ख्रिसमसच्या आठवड्यात जास्त पॉइंट जातात, शाळा सुरू असतानाच्या दिवसांत कमी. आपल्या ‘होम’ रिसॉर्टचं बुकिंग 11 महिने आधी करता येतं, बाकीच्यांचं 7 महिने आधी.

फक्त ही मालकी कायमची नाही. प्रत्येक रिसॉर्टच्या कराराला शेवटची तारीख आहे. बोर्डवॉक किंवा बीच क्लबचे करार 2042 मध्ये संपतात, रिव्हिएराचे 2070 मध्ये. त्या दिवशी सभासदाकडे काही उरत नाही, मालमत्ता डिस्नेकडे जाते. घर घेतलं म्हणण्यापेक्षा काही दशकांच्या सुट्ट्यांचं भाडं आगाऊ भरलं, असं म्हणणं जास्त बरोबर.

आता पैशांचं बोलू. नव्या रिसॉर्टचा एक पॉइंट डिस्नेकडून थेट घ्यायचा तर 200 डॉलरच्या वर पडतो. 150 पॉइंट घेतले तर हिशेब 30 हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे साधारण 25 लाख रुपयांहून जास्त. एवढ्यावर थांबत नाही. दरवर्षी देखभाल खर्च भरावा लागतो, आपल्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स असतो तसा. तो पॉइंटमागे साधारण 8-9 डॉलर धरला तरी वर्षाला एक लाख रुपयांच्या वर जातो. त्या वर्षी सुट्टीला गेलात की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

हे आकडे डोळ्यासमोर ठेवले की फुकट आइस्क्रीमची चव जरा बदलते.

मग पार्टी कशासाठी?

टाइमशेअर या धंद्याची एक जुनी अडचण आहे. विकत घेताना लोक खूश असतात. वर्षभरानं मेंटेनन्सचं बिल येतं, हव्या तारखांना खोली मिळत नाही आणि मग फसल्यासारखं वाटू लागतं. अमेरिकेत अनेक टाइमशेअर दुसऱ्याला विकायला काढले तर कवडीमोल भाव येतो. काही जण तर फुकट द्यायला तयार असतात, तरी घेणारा सापडत नाही.

डिस्नेचा क्लब याला बऱ्यापैकी अपवाद ठरला. इथले पॉइंट पुन्हा विकले जातात आणि चांगला भावही मिळतो. या जुन्या खरेदी-विक्रीच्या बाजाराला तिकडे रिसेल म्हणतात. एखाद्याला घटस्फोट, आजारपण किंवा नोकरी गेल्यामुळे पॉइंट विकायचे असतील, तर दलालामार्फत दुसरा माणूस ते घेतो. अनेक रिसॉर्टचे रिसेल पॉइंट डिस्नेच्या थेट दराच्या निम्म्याच्या आसपास मिळतात. खोली तीच, पलंग तोच, खिडकीतून दिसणारा तलावही तोच.

म्हणजे डिस्नेची स्पर्धा डिस्नेशीच. निम्म्या किमतीत तीच वस्तू मिळत असेल, तर कंपनीकडून पूर्ण भावाने कोण घेणार?

याचं उत्तर कंपनीने टप्प्याटप्प्याने तयार केलं. 2011 मध्ये रिसेलवाल्यांवर पहिली बंधनं आली. त्यांना आपले पॉइंट क्रूझसाठी किंवा डिस्नेच्या इतर हॉटेलांसाठी वापरता येईनासे झाले. एप्रिल 2016 मध्ये दुसरा घाव बसला. त्यानंतर रिसेलने आलेल्या नव्या सभासदांना ‘मेंबरशिप एक्स्ट्रा’ मिळणं बंद झालं. यात काय काय येतं? दुकानांत आणि हॉटेलांत सूट, एपकॉट पार्कमधलं सभासदांसाठीचं लाउंज, वार्षिक पासची सवलत, सभासदांची खास क्रूझ. आणि मूनलाइट मॅजिक.

जानेवारी 2019 मध्ये आणखी एक भिंत उभी राहिली. त्यानंतर जुन्या 14 रिसॉर्टपैकी कुठलेही पॉइंट रिसेलने घेतले, तर ते रिव्हिएरा आणि त्यापुढच्या नव्या रिसॉर्टमध्ये चालत नाहीत. रिव्हिएराचे रिसेल पॉइंट तर फक्त रिव्हिएरातच चालतात.

एक्स्ट्रासाठी किमान किती पॉइंट थेट कंपनीकडून घ्यावे लागतात, तो आकडाही चढत गेला. सुरुवातीला 25 पुरत होते. मग 75, 100, 125 असं करत 2021 मध्ये तो 150 वर गेला. जे आधीच आत होते, त्यांचे हक्क शाबूत राहिले. म्हणून आज एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या खोल्यांत राहणारी, सारखाच मेंटेनन्स भरणारी दोन सभासद कुटुंबं असू शकतात. त्यातलं एक रात्री पार्टीला जातं, दुसरं खोलीत टीव्ही बघत बसतं.

तेव्हा ही रात्र जुन्या सभासदांचे आभार मानायला असली, तरी ती एक जाहिरातही आहे. ‘थेट आमच्याकडून घ्या’ हे वाक्य न उच्चारता सांगणारी.

हिशेब जुळतो का?

एक साधं गणित करून पाहू. डिस्ने वर्ल्डमध्ये ‘आफ्टर अवर्स’ नावाचे तिकीट काढून जायचे कार्यक्रम असतात. स्वरूप जवळपास असंच. पार्क बंद झाल्यावर कमी गर्दी, आइस्क्रीम, पॉपकॉर्न. तिकीट माणशी दीडशे डॉलरच्या वर जातं. म्हणजे चार जणांच्या कुटुंबाला एक रात्र साधारण 650 डॉलरला पडली असं धरू.

आता 150 पॉइंट थेट घेणं आणि रिसेलने घेणं, यातला फरक सहज 10 हजार डॉलर किंवा जास्त असू शकतो. तेवढ्या पैशांत अशा 15 रात्री तिकीट काढून करता येतात, हव्या त्या तारखेला. याउलट मूनलाइट मॅजिकच्या 15 रात्री पदरात पडायच्या, तर दरवर्षी नंबर लागूनही दीड दशक जाईल.

अर्थात एक्स्ट्रामध्ये एवढंच नाही. फ्लोरिडाबाहेर राहणाऱ्यांना डिस्ने वर्ल्डचा ‘सॉर्सरर’ वार्षिक पास फक्त या सभासदत्वामुळे मिळतो. वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्या कुटुंबाचे त्यात बरेच पैसे वाचतात. नवं रिसॉर्टच हवं असेल आणि कुठलीही बंधनं नको असतील, तरी थेट खरेदीला पर्याय नाही. पण केवळ पार्टीच्या मोहाने पूर्ण भाव मोजणं हा महागडा सौदा आहे, हे कागदावर लख्ख दिसतं.

नंबर लागणं ही वेगळीच कसरत

क्लबची सभासद कुटुंबं अडीच लाखांच्या आसपास आहेत. पार्टीच्या रात्री मोजक्या. गर्दी कमी असणं हीच तर गंमत, त्यामुळे जागा वाढवून चालत नाही.

नोंदणी ऑनलाइन होते. ज्यांनी त्या दिवसांत पॉइंट वापरून राहण्याचं बुकिंग केलंय, त्यांना सहसा आधी संधी मिळते. उरलेल्या जागा नंतर बाकीच्यांसाठी खुल्या होतात. ठरलेल्या वेळी हजारो लोक एकदम साइटवर येतात, स्क्रीनवर आभासी रांग लागते. दिवाळीत गावी जायला सकाळी आठच्या ठोक्याला रेल्वेचं तिकीट काढायला बसलेल्यांना ही धडधड वेगळी सांगायला नको.

आणखी एक मेख आहे. चांगल्या खोल्या 11 महिने आधी भरतात आणि पार्टीच्या तारखा बऱ्याचदा त्यानंतर जाहीर होतात. ज्यांच्या मुलांच्या शाळा आहेत, विमानाची तिकिटं काढून झाली आहेत, त्यांनी काय करायचं? तारखा जुळल्या तर नशीब. ऑरलँडोजवळ राहणाऱ्यांना आणि निवृत्त जोडप्यांना हे जमून जातं. दुसऱ्या राज्यातून वर्षातून एकदा येणाऱ्यांना क्वचितच.

तक्रार करायला जागाही फारशी नाही. या एक्स्ट्रा सवलती कराराचा भाग नाहीत, कंपनी त्या कधीही बदलू किंवा बंद करू शकते, असं अटींमध्येच लिहिलेलं असतं. कोव्हिडच्या काळात मूनलाइट मॅजिक थांबलं, 2022 मध्ये परत आलं. मधल्या काळात देखभाल खर्चाचं बिल मात्र दरवर्षी येतच राहिलं.

दुसरी सभा, जिचे फोटो कुणी टाकत नाही

सभासदांचा आणखी एक मेळावा असतो. दर डिसेंबरमध्ये फ्लोरिडात क्लबच्या कॉन्डोमिनियम असोसिएशनची वार्षिक सभा भरते. तिथे ना मिकी येतो, ना फटाके. तिथे पुढच्या वर्षाचं बजेट मांडलं जातं. कर किती, विमा किती, साफसफाईचे पगार किती, त्यातून पॉइंटमागचा खर्च किती. सभासदाच्या खिशाला खरी झळ याच कागदांतून लागते.

आपले लोक एकत्र बोलले तर फरक पडतो, याचा एक दाखलाही आहे. 2020 सालच्या पॉइंट तक्त्यांत कंपनीने बदल केले होते आणि काही प्रकारच्या खोल्यांना जास्त पॉइंट लागणार होते. सभासदांनी करार उघडून आक्षेप घेतले, पत्रं लिहिली. जानेवारी 2019 मध्ये कंपनीने ते तक्ते मागे घेतले. पार्टीत न सापडलेला सभासदांचा हक्क इथे कागदावर सापडला.

आपल्याकडे काय?

भारतात हा धंदा नवा नाही. स्टर्लिंग हॉलिडेज 1986 पासून, क्लब महिंद्रा 1996 पासून आहे. महिंद्राचं नेहमीचं सभासदत्व 25 वर्षांचं, वर्षातला काळ रंगांनुसार वाटलेला आणि वार्षिक शुल्क वेगळं. फ्लोरिडातल्यासारखा मालमत्तेचा हिस्सा इथे नावावर होत नाही, मिळतो तो राहण्याचा हक्क. मॉलमध्ये कूपन भरल्यावर ‘तुम्हाला गिफ्ट लागलंय, जोडीने या’ असा फोन अनेकांना आलेला असतो. तिकडे डिस्नेच्या पार्कमध्येही क्लबची माहिती देणारे छोटे स्टॉल असतात, पद्धत फक्त जरा गुळगुळीत.

सभासदत्व देणारी कंपनी कुठलीही असो, विचारायचे प्रश्न तेच. वार्षिक शुल्क गेल्या दहा वर्षांत किती वाढलं? मला विकायचं झालं तर घेणाऱ्याला माझ्याइतकेच हक्क मिळतील का? दाखवलेल्या सवलतींपैकी करारात लिहिलेल्या कोणत्या आणि ‘सध्या आहेत’ अशा कोणत्या? सही केल्यावर विचार बदलला तर किती दिवसांत पैसे परत? फ्लोरिडाच्या कायद्याने यासाठी 10 दिवस दिले आहेत. आपल्याकडे बहुतेक वेळा कंपनीच्या करारातली ओळच शोधावी लागते.

तिकडे पहिल्या पिढीतल्या सभासदांपुढे आता वेगळाच प्रश्न आहे. 31 जानेवारी 2042 ला ओल्ड की वेस्टचे बहुतेक करार, त्यासोबत बोर्डवॉक, बीच क्लब, बोल्डर रिज, हिल्टन हेड आणि व्हेरो बीचचे करार एकाच दिवशी संपतील. 1991 मध्ये तिशीत असताना सही केलेले लोक तेव्हा ऐंशीच्या पुढे असतील. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर दुसऱ्या रिसॉर्टचे पॉइंट घेतलेले नसतील, ते दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्नेसाठी इतर कुणाहीसारखेच पाहुणे असतील, तिकीट काढून येणारे.