निर्वहणाविना वृत्त : दूरचित्रवाणीचे वेळापत्रक आणि मराठी समीक्षा

दूरचित्रवाणीवरील बातम्यांचा विषय निघाला, की मराठी समीक्षाविश्वातून साधारणतः तीन प्रतिक्रिया उमटतात. पहिली शुद्धतावाद्यांची : वाहिन्यांनी मराठी भाषेची वाट लावली. दुसरी स्मरणरंजनात रमलेल्यांची : दूरदर्शनच्या काळी बातमी ही बातमी होती, आता तिचा तमाशा झाला आहे. तिसरी नवसिद्धान्तवाद्यांची : वास्तव म्हणून जे काही समजले जाते ते मुळातच संहिता असते, त्यामुळे बातमी आणि कल्पित यांतील भेदाचा आग्रहच भाबडा होय. या तिन्ही भूमिका एकमेकींच्या विरोधात उभ्या असल्यासारख्या भासतात. परंतु एका बाबतीत त्यांच्यात पूर्ण एकवाक्यता आहे. वृत्तप्रक्षेपण ही एक रचना आहे आणि त्या रचनेचा पहिला घटक वेळापत्रक हा आहे, याची दखल तिन्हींपैकी एकीनेही घेतलेली नाही. आकृतिबंधाची चर्चा अर्धशतकाहून अधिक काळ करीत आलेल्या समीक्षेने, रोज लाखो घरांत पोहोचणाऱ्या कथनाच्या आकृतिबंधाविषयी मौन बाळगावे, ही गोष्ट तिच्या आरोग्याविषयी शंका निर्माण करणारी आहे.

शुद्धतावाद्यांचा युक्तिवाद प्रथम घ्यावा लागेल, कारण त्याच्या मुळाशी एक योग्य जाणीव आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले तेव्हापासून मराठी गद्याची घडण आणि वृत्तलेखन यांचे नाते अतूट राहिले आहे. त्यामुळे बातमीच्या भाषेची काळजी वाहणे हे समीक्षेचेच काम आहे. परंतु ही काळजी शब्दांपाशी येऊन थांबते. ‘ब्रेकिंग न्यूज’च्या जागी ‘ताजी बातमी’ अशी पाटी लावली, हिंदीच्या वळणाची चार वाक्ये दुरुस्त केली, म्हणजे या मंडळींचे समाधान होईल. वस्तुतः खरा बदल शब्दसंग्रहात झालेला नसून क्रियापदात झाला आहे. ‘मंत्रिमंडळाने निर्णय घेतला’ हे भूतकाळी वाक्य पडताळून पाहता येते. ते खोटे ठरले तर ते उच्चारणाऱ्यावर जबाबदारी येते. ‘मंत्रिमंडळ निर्णय घेणार?’ या वाक्याला मात्र खोटे ठरण्याची भीतीच नाही. पडद्यावरील मथळा आज एकतर भविष्यकाळात असतो, किंवा प्रश्नार्थक असतो, किंवा त्यातून क्रियापदच गळालेले असते. ते मथळे अगदी निर्दोष मराठीत लिहिले, तरी जबाबदारीतून सुटण्याची ही पळवाट तशीच उघडी राहते. भाषेचा ऱ्हास मोजताना जो केवळ परकीय शब्द मोजतो, त्याने व्याकरणाकडे पाठ फिरवलेली असते.

‘बातमीचा तमाशा झाला’ हे दुसरे विधान तर तमाशावर उघड अन्याय करणारे आहे. तमाशाला क्रम आहे : गण, गवळण, बतावणी, लावणी आणि अखेरीस वग. कोणत्या टप्प्यावर काय अपेक्षायचे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. वग संपतो आणि कथेचा निकाल लागतो. कीर्तनालाही पूर्वरंग आणि उत्तररंग आहेत. पूर्वरंगात मांडलेल्या तत्त्वाला उत्तररंगातील आख्यान साक्ष देते. नाट्यशास्त्राने मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण अशा पाच संधी सांगितल्या. विखुरलेले सारे धागे निर्वहणात एकत्र येतात. चोवीस तासांच्या वृत्तवाहिनीत नेमका हाच शेवटचा संधी नाही. बीज दिसते, हरवते, पुन्हा शोधले जाते, अशी गर्भसंधीची अवस्था तेथे अखंड चालू राहते. बातमी नाट्यमय झाली ही तक्रार म्हणूनच उलटी आहे. नाट्याचे बाह्य अलंकार, म्हणजे संगीत, आवाजाची चढउतार आणि संघर्षाचा आभास, तिने उचलले. नाट्याची शिस्त तेवढी टाकून दिली.

ही शिस्त जुन्या वार्तापत्रात होती, आणि ती निवेदकाच्या सद्‌गुणांतून आलेली नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपणाचा काळ थोडा होता आणि वार्तापत्राला त्यातील ठरावीक मिनिटेच मिळत. वेळ मर्यादित म्हणून निवड अटळ. निवड अटळ म्हणून क्रम अर्थपूर्ण. पहिली बातमी पहिली का आणि शेवटची शेवटी का, या प्रश्नाला काहीतरी उत्तर असावे लागे. प्रारंभीचे ठळक मथळे समारोपात पुन्हा वाचले जात आणि दिवसाला एक आकार मिळे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली वृत्तपत्रवाचनाचे वर्णन एकाच वेळी असंख्य अनोळखी माणसांनी पार पाडलेला विधी असे केले होते. ठरल्या वेळेचे वार्तापत्र हाही तसाच विधी होता. भक्ती बर्वे, अनंत भावे किंवा प्रदीप भिडे यांच्या वाचनाची आठवण आजही काढली जाते, ती केवळ त्यांच्या उच्चारांमुळे नव्हे. त्यांचे वाचन कोठेतरी संपत होते, आणि त्यानंतरच्या शांततेत श्रोत्याला स्वतःचा विचार करण्यास अवकाश मिळत होता.

येथेच स्मरणरंजनाच्या आहारी जाण्याचा धोका आहे, आणि तो टाळलाच पाहिजे. त्या आकाराची मालकी शासनाकडे होती. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले ते १ एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे आणीबाणीच्या ऐन भरात. ‘असे सांगण्यात आले’, ‘असा निर्णय घेण्यात आला’ ही कर्ता दडवणारी कर्मणी रचना त्या वार्तापत्राची ओळखखूण होती. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी नभोवाणीने त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच दिली असताना आपल्या शासकीय माध्यमांनी ती संध्याकाळपर्यंत रोखून धरली. तेव्हा शेवट होता, पण तो कोणी आणि कधी करायचा हे सत्ता ठरवीत होती. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. शासनाच्या एकाधिकाराला तो योग्य तडाखा होता. एकाधिकार गेला याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की शासनाच्या हातून निसटलेला शेवट पुढे कोणाच्या हाती गेला?

त्याचे उत्तर वेळापत्रकाच्या इतिहासात सापडते. १९९५ साली दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर सुरेंद्र प्रताप सिंह यांनी ‘आज तक’ हे हिंदी वार्तापत्र सुरू केले. बोलीच्या जवळ जाणाऱ्या त्याच्या भाषेने शासकीय कर्मणी प्रयोग मोडला, हे त्याचे श्रेय. त्याच्या अखेरीस, आजपर्यंतच्या बातम्या या अशा, आता उद्यापर्यंत वाट पाहा, असा निरोप घेतला जाई. ३१ डिसेंबर २००० रोजी त्याच नावाची चोवीस तासांची वाहिनी सुरू झाली आणि त्या निरोपाला अर्थ उरला नाही. वाट पाहण्याजोगा ‘उद्या’च वेळापत्रकातून वजा झाला. मराठीत ‘झी २४ तास’ व ‘स्टार माझा’ २००७ साली आणि ‘आयबीएन लोकमत’ २००८ साली अवतरल्या, तेव्हा हा आकृतिबंध तयारच होता. पहिल्या वाहिनीने तर तासांचा आकडाच नावात घेतला, हे लक्षणीय आहे.

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली : दूरचित्रवाणीवर सुटे कार्यक्रम नसतात, जाहिराती आणि पुढील कार्यक्रमांच्या सूचना यांनी सांधलेला एक नियोजित ओघ असतो. मराठी समीक्षेत ही संकल्पना उद्धृत होते, पण तिचा उपयोग क्वचितच केला जातो. तो केला तर दिसेल, की वृत्तवाहिनीवर परिच्छेद कोठे पाडायचा हे जाहिरात ठरवते. नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिरात करता येते. त्यांपैकी १० मिनिटे व्यापारी आणि २ मिनिटे स्वतःच्या कार्यक्रमांची. प्रत्येक मध्यंतरापूर्वी एक प्रश्न टांगून ठेवणे म्हणूनच भाग पडते. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर प्रेक्षक उठून जाईल. म्हणून ते देता येत नाही. पूर्वी शेवट शासन ठरवीत होते. आता शेवट होऊच नये यात धंद्याचे हित आहे. सारा दोष मानांकनाच्या आकड्यांवर टाकण्याची सोपी सवयही येथे अपुरी पडते. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक मानांकन प्रसिद्धच होत नव्हते. तरीही चोवीस तासांची रचना जशीच्या तशी राहिली. आकडे थांबले म्हणून आकृतिबंध बदलला नाही, कारण तो वेळापत्रकातच मुरलेला होता.

या रचनेचे परिणाम केवळ सौंदर्यशास्त्रीय नाहीत. जुलै २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात बोअरवेलमध्ये पडलेल्या एका मुलाची सुटका सुमारे ५० तास थेट दाखवली गेली. घटनेचा काळ आणि कथनाचा काळ यांतील अंतर त्या प्रक्षेपणाने पुसून टाकले. अंतर पुसले की निवड संपते, आणि निवड संपली की विवेकही संपतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी याची किंमत दिसून आली. सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या निकालपत्रात कठोर ताशेरे ओढले. २०१५ साली नियम बदलून अशा कारवाईच्या वेळी नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित करण्यात आले. म्हणजे वर्तमानकाळाच्या अतिरेकावर उतारा म्हणून पुन्हा शासकीय कर्मणी प्रयोगच आला! माध्यमाने स्वतःहून न पाळलेली शिस्त सत्तेच्या हाती परत गेली.

महाराष्ट्राचे उदाहरण याहून बोलके आहे. जून २०२२ मधील सत्तांतराच्या काळात प्रेक्षकांनी गुवाहाटीतील एका हॉटेलाचे प्रवेशद्वार तासन्‌तास पाहिले. राजीनामा २९ जूनला आला, शपथविधी ३० जूनला झाला. परंतु त्या कथेतील मूळ पेच घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा होता. त्यावर घटनापीठाचा निर्णय ११ मे २०२३ रोजी आला आणि विधानसभाध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी. दारापाशी उभे राहून वाट पाहण्याचे दिवस आणि निकालाचे दिवस यांच्यामध्ये दीड वर्षाचे अंतर पडले. हे अंतर ओलांडून कार्यकारणाचा धागा जोडणे, हेच कथनाचे काम. ज्या प्रेक्षकाला दार आठवते पण निर्णयातील युक्तिवाद आठवत नाही, त्याची स्मृती दुबळी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला धागा मिळालाच नाही. फ्रँक कर्मोड यांनी १९६७ साली दाखवून दिले, की काळाला अर्थ देण्यासाठी माणसाला शेवटाची जाणीव लागते. नागरिकालाही ती लागते. मतदान हा शेवटी एक निष्कर्षच असतो.

नवसिद्धान्तवादी याला उत्तर म्हणून निष्कर्षाचा आग्रह हीच सत्तेची खेळी आहे असे म्हणतील, आणि अपूर्णत्वाचे गोडवे गातील. कादंबरीतील मुक्त शेवट वाचकाला अर्थनिर्णयाचे स्वातंत्र्य देतो, हे खरे. वाहिनीवरील अशेषता मात्र ते स्वातंत्र्य देत नाही. ती प्रेक्षकाला जागेवर खिळवून ठेवते. दोन्हींना एकाच मापाने मोजणे म्हणजे सिद्धान्त पाठ असणे आणि संहिता न वाचणे होय. १९९१ च्या आखाती युद्धाविषयी बोद्रियार यांनी केलेली विरोधाभासात्मक मांडणी पॅरिसमध्ये चिथावणी म्हणून शोभली असेल. तिची री ओढत सर्वच वास्तव संहिता आहे असे म्हणणारा समीक्षक वाहिनीला आयतीच सुटका मिळवून देतो. सगळेच कथन असेल, तर चांगल्या आणि वाईट कथनातला फरक सांगणे हे समीक्षकाचे काम अधिकच निकडीचे ठरते. सूत्रधाराचेच पाहा. संस्कृत नाटकात प्रस्तावना संपताच तो रंगमंच सोडतो आणि पात्रांना बोलू देतो. आजचा वृत्तसूत्रधार रंगमंच सोडतच नाही. पात्रांची वाक्ये तोच तोडतो आणि निकालही तोच देतो. हा फरक सांगण्यास कोणत्याही परकीय परिभाषेची गरज नाही.

समीक्षेच्या या मौनाला एक भौतिक बाजूही आहे. ग्रंथप्रदान कायदा १९५४ साली झाला आणि १९५६ साली त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. त्यामुळे जुन्या मराठी वृत्तपत्रांचा अभ्यास करणाऱ्याला ग्रंथालयाचा रस्ता मोकळा आहे. वृत्तवाहिनीवर मात्र प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस जपण्याचे बंधन आहे. त्यानंतर ती संहिता राहिली काय आणि पुसली काय, कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही. हस्तलिखितांच्या पाठभेदांवर आयुष्ये वेचणाऱ्या परंपरेने याविरुद्ध आवाज उठवू नये, हे आश्चर्य आहे. विद्यापीठांतील मराठी विभागांनी वृत्तप्रक्षेपणाच्या कायमस्वरूपी संग्रहाची मागणी करावी. एका संपूर्ण दिवसाचे प्रक्षेपण, जाहिरातींसह आणि मध्यंतरांसह, एक संहिता म्हणून अभ्यासक्रमात लावावे. क्रियापदांचे काळ, प्रश्नांची संख्या आणि न दिलेली उत्तरे यांचे विश्लेषण विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. बातमीला शेवट देणे वाहिन्यांच्या हिताचे नाही. तिच्या शेवटाचा हिशेब मागणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ९० दिवसांची मुदत रोज संपत असते.