काउंटरमागची विद्या

पोटापाण्याचं / नारायणगुडेकर

हैदराबादेत नारायणगुड्याचा उड्डाणपूल उतरून वायएमसीएच्या चौकाकडे चालायला लागलं की खांबाखांबावर चिकटवलेल्या कागदांत तीन नावं हमखास दिसतात: हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, मेडिकल बिलिंग, मेडिकल कोडिंग. खाली मोबाइल नंबर, त्याखाली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. ही तीन कामं वेगवेगळी आहेत, पण जाहिरात देणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही आणि फी भरणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. निकाल लागले की या सदराच्या वाचकांचे फोन सुरू होतात. परवा एका ताईंनी विचारलं, “काका, धाकटी बी.एस्सी. झाली, मायक्रोबायॉलॉजी. तिला कोडिंगला घालू, का दवाखान्यातलं ऑफिसकाम शिकू दे?” ‘ऑफिसकाम’ म्हणताना त्यांचा आवाज अर्ध्याने उतरला होता. तो उतरलेला आवाज मला मान्य नाही, म्हणून आजचं हे लिखाण.

आधी कोडिंग. अमेरिकेत डॉक्टरने लिहिलेला आजार, घातलेला टाका, केलेली तपासणी हे सगळं ठरलेल्या कोडमध्ये बसवल्याशिवाय विमा कंपनी पैसे सोडत नाही. 1 ऑक्टोबर 2015 पासून तिथे आयसीडी-10 ची यादी लागू झाली आणि सुमारे 14,000 कोडची जुनी यादी 70,000 च्या घरात गेली. बदकाने धडक दिली तरी तिला स्वतःचा कोड आहे, डब्ल्यू 61.62. (ही थट्टा नाही.) कुत्रा चावला तर डब्ल्यू 54.0, आणि इलाज चालू आहे की नंतरची देखभाल, हे शेवटच्या अक्षरावरून कळतं. सीपीसी नावाची परीक्षा आहे: 100 प्रश्न, 4 तास, पास व्हायला 70 टक्के. पुस्तकं उघडी ठेवता येतात म्हणून तिला सोपी समजू नये. या कामाने हैदराबादेत हजारो घरांत पगार आणला आहे, मराठी घरांतही. त्याला नाक मुरडायचं कारण नाही.

पण 2000 च्या आगेमागे याच भागातल्या जिन्यावरच्या खोल्यांत मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन शिकवत असत, तेही आठवावं. हेडफोन लावून अमेरिकन डॉक्टरचं बोलणं टाइप करायचं. पुढे बोलणं ऐकून स्वतःच लिहिणारी सॉफ्टवेअरं आली, काम आटलं, उरलं ते यंत्राच्या चुका सुधारण्याचं. कोडिंगमध्येही यंत्राने कोड सुचवायचा आणि माणसाने तपासायचा, इथपर्यंत गाडी आली आहे. जे काम रुग्णाचं तोंड न बघता होतं, ते माणसाकडून काढून घेणं यंत्राला सोपं जातं.

दुसऱ्याच्या दप्तराची भाषा शिकून पोट भरणं आपल्याला नवं नाही. निजामाच्या काळी मराठवाड्यातली मुलं उर्दू घोटून इथल्या कचेऱ्यांत शिरली, वकील झाली. त्याच मराठवाड्यातून येऊन न्यायमूर्तीपदापर्यंत गेलेल्या केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ 1940 साली नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळा निघाली. फरक इतकाच की तेव्हाच्या कारकुनापुढे पक्षकार उभा असायचा. आजच्या कोडरपुढे पडदा असतो.

आता ताईंच्या ‘ऑफिसकामा’कडे. कुठल्याही बऱ्यापैकी रुग्णालयात डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या काउंटरपाशी उभं राहून बघा. विमा नियामकाने मे 2024 च्या परिपत्रकात बजावलं आहे की कॅशलेसची पहिली मंजुरी 1 तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत मिळाली पाहिजे. विमा कंपनीमुळे उशीर झाला तर रुग्णालयाचा वाढीव खर्च तिनेच सोसायचा. तरी सकाळी नऊला ‘घरी जा’ म्हटलेला रुग्ण संध्याकाळचा चहा वॉर्डातच घेतो. कंपनीवर खापर फोडून आपण मोकळे होतो. पुष्कळदा गोम रुग्णालयाच्या कागदातच असते. रुग्ण म्हणाला, दहा महिन्यांपासून बीपी आहे. घाईतल्या शिकाऊ डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं दहा वर्षं. पॉलिसी दोन वर्षांची. झालं, आजार आधीपासून होता का, अशी क्वेरी येते आणि फाइल अडकते. इन्शुरन्सच्या टेबलावरच्या माणसाने फाइल पाठवण्याआधी ती एक ओळ वाचली असती आणि डॉक्टरांकडे जाऊन “सर, हे वर्षं आहे का महिने?” एवढं विचारलं असतं, तर माणूस दुपारी घरी जेवला असता. हे विचारायला केसपेपर वाचता यावा लागतो, पॉलिसीतल्या अटी माहीत लागतात, आणि डॉक्टरला प्रश्न करायची हिंमत लागते. हिमतीचा धडा मी अजून कुठल्या अभ्यासक्रमात पाहिला नाही.

नारायणगुड्यातच सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन आहे. आफ्रिकेला निघालेली माणसं पीतज्वराची लस घ्यायला तिथे येतात. त्या पिवळ्या दाखल्यावरचं नाव पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. पहिल्यांदा लस घेतल्यावर दाखला लागू होतो 10 दिवसांनी, आणि 2016 पासून तो जन्मभर चालतो. टेबलामागच्या माणसाने एवढ्या गोष्टी नीट लिहिल्या-सांगितल्या तर विमानतळावरचा मोठा मनस्ताप वाचतो. कुत्रा चावल्यावरच्या सुयांचंही तेच. कातडीत देण्याच्या पद्धतीत दिवस असतात 0, 3, 7 आणि 28. चिठ्ठीवर हे आकडे खरडून दिले की बिचारा माणूस शून्य कुठला आणि तीन कुठून मोजायचे, यातच गोंधळतो. पहिली सुई 5 ऑगस्टला घेतली असेल तर पुढच्या 8, 12 आणि मग थेट 2 सप्टेंबर, असं तारखांत लिहून देणारा कारकून माझ्या लेखी शिकलेला. रेबीजच्या बाबतीत चुकलेली तारीख जिवावर बेतू शकते. अमेरिकेसाठी डब्ल्यू 54.0 पाठ करणाऱ्या आपल्या मुलामुलींना या चार तारखा मांडायला कुणी बसवत नाही.

मराठी वाचकाच्या अगदी जवळची गोष्ट पुढे आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवटकडची माणसं मोठं दुखणं निघालं की हैदराबाद गाठतात. काचीगुड्याला उतरतात, हातात कापडी पिशवी, पिशवीत एक्स-रे आणि केशरी रेशनकार्ड. इथली आरोग्यश्री ही सरकारी उपचार योजना 2007 साली अखंड आंध्रात सुरू झाली आणि डिसेंबर 2023 मध्ये तेलंगणाने तिची मर्यादा 10 लाखांवर नेली, पण ती तेलंगणाच्या रहिवाशांसाठी. महाराष्ट्राच्या रेशनकार्डावर ती मिळत नाही. आयुष्मान कार्डाची गोष्ट मात्र वेगळी आहे: ती योजना राज्याबाहेरही चालते आणि तेलंगण 2021 मध्ये तिच्यात सामील झालं. म्हणजे रुग्णालय यादीत असेल आणि उपचार योजनेत बसत असेल, तर नांदेडच्या माणसाचं कार्ड इथे चालू शकतं. काउंटरवरच्याला हे ठाऊक नसलं की तो “महाराष्ट्राचं इथे नाही चालत” म्हणून मोकळा होतो, आणि समोरचा व्याजाने काढलेले पैसे रोख मोजतो. आरोग्यमित्र नावाचा माणूस याचसाठी नेमलेला असतो, दोन्ही राज्यांत. तो बहुतेक कंत्राटी असतो.

या कामाला भाषाही लागते, आणि तिथे आपल्या मुली आधीच अर्ध्या तयार आहेत. घरात मराठी, शाळेत तेलुगू, सुलतान बाजारात दख्खनी. देगलूरच्या आजी “बरगडीखाली चमक निघती” म्हणाल्या तर ते समजून योग्य ओपीडीची चिठ्ठी फाडणारी मुलगी मेडिकल टर्मिनॉलॉजीच्या पुस्तकातून तयार होत नाही.

रेकॉर्ड रूमबद्दलही दोन शब्द, कारण तिला सगळेच अडगळ समजतात. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर घाईत लिहिलं जातं, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. हृदय आणि श्वास मरणाऱ्या प्रत्येकाचेच थांबतात. त्यामागे डेंग्यू होता, क्षय होता की मधुमेह, हे त्यातून कळत नाही. 1893 मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिच्यातूनच आजची आयसीडी वाढली. अमेरिकेच्या बिलांसाठी आपण जी यादी घोकतो तिचं मूळ काम हे होतं. असा दाखला डॉक्टरांकडे परत पाठवणारा रेकॉर्डवाला असेल तर जिल्ह्यात माणसं कशाने मरतात ते सरकारला कळेल. शिवाय रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत त्याचे कागद द्यायचे आणि दाखल रुग्णांचे कागद किमान 3 वर्षं जपायचे, हा 2002 चा नियम डॉक्टरांसाठी असला तरी पाळला जातो तो याच खोलीत.

हे सगळं शिकवता येतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मेडिकल रेकॉर्डचं शिक्षण कित्येक वर्षं देत आलं आहे. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने तर हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट, क्लिनिकल कोडर आणि मेडिकल सेक्रेटरी यांना फिजिओथेरपिस्टच्याच परिशिष्टात जागा दिली आहे. तरी काउंटरवर बसवण्याआधी कुणाची नोंदणी विचारणारं रुग्णालय माझ्या पाहण्यात नाही. एमएचए ही व्यवस्थापकाची पदवी; ती घेतलेला माणूस मीटिंगमध्ये असतो.

ताईंना माझं सांगणं असं: मुलीला पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयात सहा महिने बसू द्या. दोन महिने नोंदणीला, दोन इन्शुरन्सच्या टेबलावर, दोन रेकॉर्ड रूममध्ये. कोडिंगचा वर्ग संध्याकाळी करता येईल, आणि केसपेपर हाताळलेला असला की तो लवकर डोक्यात शिरेल. कुठल्याही वर्गाची फी भरण्याआधी प्लेसमेंटची यादी मागा आणि तिच्यात रुग्णालयाच्या नावापुढे टेबलाचं नाव आहे का ते बघा. नुसतं ‘बॅक ऑफिस’ असेल तर दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय पाकीट उघडू नका.

पगार? सुरुवातीला कोडिंगपेक्षा कमीच असेल, तो मी रंगवून सांगणार नाही. कोट्यवधींचं एमआरआय यंत्र घेणारा रुग्णालयाचा मालक काउंटरवर मात्र स्वस्तातलं स्वस्त माणूस बसवतो. अपुऱ्या कागदांमुळे बुडालेल्या एका मोठ्या बिलात अशा मुलीचा कित्येक महिन्यांचा पगार निघतो, हा हिशेब त्याच्या सीएने अजून त्याच्यापुढे ठेवलेला दिसत नाही.