नोटरीचा शिक्का म्हणजे कलेक्टरची परवानगी नाही

भाताची झोडणी आटपली आणि पाड्यापाड्यांवर स्टॅम्पपेपर फिरायला लागले. शेठचा माणूस मोटारसायकलवर येतो. "भाड्याचा कागद आहे, अकरा महिन्यांचा. जमीन तुमचीच," असं सांगतो. तालुक्याला नेतो, भजी खिलवतो, नोटरीपुढे आंगठा घेतो. लाल शिक्का बसला की आपल्या माणसाला वाटतं, सरकारनेच मान्य केलं.

आमच्या पाड्यावरच्या एका आजोबांनी वीटभट्टीला जागा दिली ती अशीच. कागद आम्ही वाचला. पहिल्या पानावर अकरा महिने. मागच्या पानावर बारीक अक्षरात, मुदत संपल्यावर पुन्हा तेवढीच वाढवायचा हक्क लिहून घेणाऱ्याला. म्हणजे भट्टी उठणार कधी? आजोबांना हे पान कोणी वाचूनच दाखवलं नाही. प्रतही दिली नव्हती, ती आम्ही भांडून आणली.

नोटरी एवढंच सांगतो की हा आंगठा याच माणसाचा, माझ्यासमोर दिलेला. जमीन कोणाची, व्यवहार कायद्यात बसतो का, ते त्या शिक्क्याने ठरत नाही. अकरा महिनेच का? वर्षाच्या वरचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो, तो टाळायला. पण आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला भाड्याने द्यायची तर जमीन महसूल कायद्याच्या कलम 36अ प्रमाणे कलेक्टरची परवानगी आधी लागते. अकरा महिन्यांनाही लागते. गहाणालाही लागते. आणि वनहक्काचा पट्टा तर वारसालाच जातो. 2006 च्या कायद्याने तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्याचेही नोटरी कागद आम्ही पाहिलेत!

काही जण आम्हाला म्हणतात, "पोरीचं लगीन आहे, दवाखाना आहे, तुमचा कायदा पैसे देतो का?" हे बोलणं खोटं नाही. आमच्याही घरात हीच तंगी आहे. पण मग शेठने परवानगीचा अर्ज करावा ना. ग्रामसभेत बसावं, भाडं चारचौघांत ठरवावं. तेवढं सांगितलं की मोटारसायकल दुसऱ्या पाड्याला वळते.

ज्यांनी आंगठे दिलेत त्यांनी लाजू नका. कागद, नाहीतर त्याची झेरॉक्स घेऊन बाजाराच्या दिवशी संघटनेच्या खोलीवर या. सातबाराही आणा. प्रत दिली नसेल तर नोटरीचं नाव आणि तारीख तरी सांगा, त्याच्या रजिस्टरात नोंद असते. आजोबांचा अर्ज आम्ही कलेक्टर कचेरीत दिलाय, पोच घेतली आहे. भट्टी अजून चालू आहे.