फिनलंडची दगडी भट्टी आणि विजेचा भाव

5 जानेवारी 2024 रोजी फिनलंडच्या उत्तर भागात पारा उणे 40 अंशांच्याही खाली उतरला आणि त्याच संध्याकाळी विजेचा घाऊक भाव काही काळ युनिटमागे दीड युरोच्या वर गेला. मे 2022 मध्ये रशियाकडून येणारी वीज थांबली. पुढच्या वर्षी ओल्किलुओतोची 1,600 मेगावॅटची तिसरी अणुभट्टी नियमित चालू झाली आणि पवनऊर्जाही झपाट्याने वाढली. परंतु कडाक्याची थंडी बहुधा वारा पडलेला असतानाच येते. बाजारभावाशी जोडलेला करार घेतलेल्या कुटुंबांना त्या दिवशी सौना तापवावी की नाही, याचाही हिशेब करावा लागला.

अशा वेळी अनेक फिनिश घरांतील एका जुन्या सोयीचे मोल नव्याने ध्यानात आले. 'वाराआवा ताक्का' म्हणजे उष्णता साठवणारी दगडी भट्टी. विटांची किंवा सोपस्टोनची ही बांधणी टनाहून अधिक, कधी कित्येक टन वजनाची असते. तप्त वायू सरळ धुराड्यात न जाता वर चढून बाजूच्या मार्गांनी खाली वळतात आणि वाटेत आपली उष्णता दगडाला देतात. तास-दोन तास जोरदार जाळ करायचा, निखारे पूर्ण विझले की झडप लावायची. दगड दुसऱ्या दिवसापर्यंत ऊब देत राहतो. लोखंडी स्टोव्ह मात्र लवकर तापतो आणि लवकर निवतो. मग जाळ लांबवण्यासाठी लोक त्याची हवा कोंडतात, आणि खरा धूर तेथेच होतो.

पंधरा किलो सुक्या बर्चमध्ये साधारण 60 युनिट ऊर्जा असते. त्यातील 80 टक्के घरात उतरली तर 48 युनिट, म्हणजे चोवीस तास सरासरी दोन किलोवॅट. निव्वळ विजेवर तापणाऱ्या पाच लाख घरांनी एवढा भार उतरवला, तर हजार मेगावॅटची मागणी टळेल. हे केवळ गणित आहे, अंदाज नव्हे. पण देशाची विक्रमी मागणी सुमारे 15,100 मेगावॅट आहे, हे लक्षात घेता ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. वर्षभराच्या ऊर्जेचा प्रश्न हीट पंप अधिक चांगला सोडवतो; भट्टीचे महत्त्व वर्षातील त्या मोजक्या दिवसांपुरते आहे. वीज गेली तरी ती चालते, हा आणखी एक लाभ.

आक्षेप धुराचा आहे, आणि तो गंभीर आहे. घरगुती लाकूडज्वलन हा फिनलंडमधील सूक्ष्मकणांच्या सर्वांत मोठ्या स्रोतांपैकी एक आहे. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशानुसार पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा 2030 पर्यंत 25 वरून 10 मायक्रोग्रॅमवर येणार आहे. देशाची हवा एकंदरीत स्वच्छ. अडचण आहे ती बैठ्या घरांच्या दाट वस्त्यांत. पवनचक्क्या थांबवणारी निवांत, गोठलेली संध्याकाळच धूर छपरांच्या उंचीवर कोंडून ठेवते. वीज सर्वांत महाग असते तेव्हाच शेजाऱ्याची हवाही सर्वांत नाजूक असते.

सरसकट बंदी किंवा सरसकट कौतुक, दोन्ही येथे अपुरे पडतात. 2022 पासून नव्या उपकरणांना युरोपीय उत्सर्जन-मर्यादा लागू आहेत. जुनी मात्र घराघरांत आणखी कित्येक दशके जळत राहतील. साठवणाऱ्या भट्टीला जाळाची वेळ निवडता येते, आणि धोरणकर्त्यांच्या चर्चेत याच गुणाला फारशी जागा मिळत नाही. उद्याचे वीजदर आज दुपारीच कळतात, हवामानाचा अंदाजही हाताशी असतो. वारा पडण्यापूर्वी दगड तापवून ठेवला, तर महाग संध्याकाळी जाळाची गरजच उरत नाही. लोखंडी स्टोव्हला ही मुभा नाही.

चूल म्हटले की आपल्या पिढीला धुराने डोळे चोळणारी आजी आठवते, आणि लाकूड म्हणजे मागासलेपण हा ग्रह तेथूनच आला आहे. एस्पो-हेलसिंकी परिसरात घर घेणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींना म्हणूनच भट्टी ही दिवाणखान्यातील अडगळ वाटते. ती पाडण्यापूर्वी धुराडे शेवटचे कधी साफ झाले, हे विक्रेत्याला विचारावे. राहत्या घरात ती सफाई दरवर्षी बंधनकारक आहे. लाकूड 20 टक्क्यांहून कमी ओलाव्याचे हवे. आणि झडप घाईने लावू नये, कारण अर्धवट विझलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.